दोघांची पंगत

देवरावकाकाजी दार सताड उघडं ठेवून जेवायचे. आमच्या भागात जेवताना माणसं दार थोडं तरी लोटून घेतात. काकाजी मात्र सकाळी दहाच्या सुमारास ओट्यावर गोणपाट अंथरत, रस्त्याकडे तोंड करून मांडी घालत आणि भाकर कुस्करायला घेत. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला "या जेवाले" म्हणत. लोक हसून पुढे जात, कोणी येत नसे. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. कुठल्या कुठल्या स्टँडवर, कंडक्टरच्या शिट्टीकडे कान ठेवून चार घास ढकलायचे आणि स्टेअरिंगवर बसायचं, असं ते जेवण होतं. "आता मागून कोनी हॉर्न वाजवत नाई," ते म्हणत. "आता मी जेवतो. आधी मी नुसता डिझेल भरत होतो."

आम्ही नाचणगावला त्यांच्या समोरच्या घरात राहायला गेलो तेव्हा रेवा, आमची मुलगी, नुकती बसायला लागली होती. माझी शाळा पुलगावला, नवरा वर्ध्याला नोकरीला. रोज सकाळी गाडीनं जायचा, अंधार पडताना यायचा. मी तेव्हा बाळासाठी रजेवर होते. सामान उतरवताना काकाजींनी माझं माहेर विचारलं. मी रोहणा म्हटलं, तर ते एकदम सावरून उभे राहिले. त्यांची बायको रोहण्याची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तेवढ्यावरून त्यांनी नातं जोडलं. "तू माह्या सासरची. तुले नाव घेऊन कसं बोलू?" असं म्हणून त्यांनी मला कायम 'रोहणेवाली' म्हटलं. नवऱ्याला ते साहेब म्हणत आणि रेवाला मायबाई.

रेवा रांगायला लागली आणि माझ्या आयुष्यात एक विचित्र पेच सुरू झाला. घरातली एकही वस्तू तिच्या तोंडातून सुटत नव्हती. चपलेचा पट्टा, कंगवा, पायपुसणं, वर्तमानपत्राचा कोपरा, कुंडीतली माती, भिंतीच्या चुन्याचे पोपडे. पोपडे तर ती नखानं उकरून खायची. आणि जेवायला बसवलं की ओठ असे मिटून घ्यायची की चमच्याची कडसुद्धा आत जायची नाही. वरण-भात, नाचणीची खीर, उकडलेला बटाटा, सगळं गालावर आणि झबल्यावर. चमचा दिसला की ती मान फिरवायची. मी मोबाइलवर गाणी लावली, खिडकीत कावळे दाखवले, शेवटी एकदा दोन्ही हात धरून भरवलं. तिनं सगळं ओकून टाकलं आणि मग आम्ही दोघी रडलो.

दवाखान्यात तपासलं तर रक्त कमी निघालं, वजनही मागे. डॉक्टरीणबाईंनी लोहाचे थेंब दिले, पोपडे आणि माती तिच्या हाती लागू देऊ नका म्हणून सांगितलं. काकाजींना हे पटलं नाही. मातीनं काही होत नसतं, आम्ही माती खाऊनच मोठे झालो, असं ते ठासून म्हणाले. त्यावर मी जरा रागानंच, आतड्यात जंत होतात, असं सांगितलं. ते आपल्या ओट्यावर निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काकाजी खराट्यानं आमच्या ओसरीच्या भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडून काढत होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू रागावली म्हनून."

तोंडात घालण्याबद्दल मात्र त्यांचं मत वेगळं होतं. "लेकराचे हात अजून अडानी असते," ते म्हणाले. "तिचं तोंडच काय ते हुशार हाय. ते तोंडानं पाहून राह्यली, रोहणेवाली. पाहू दे. फक्त पाह्याले चांगलं काहीतरी दे." मग त्यांनी काकडीची जाड फोड, सुकलेल्या भाकरीचा कडक काठ असं काहीबाही तिच्या हातात द्यायला सुरुवात केली. तिनं तेही चघळलं. पण जेवण म्हणून समोर आलं की पुन्हा तोंड बंद.

एका सकाळी मी चमचा घेऊन तिच्यामागे अंगणभर फिरत होते. ती रांगत रांगत थेट काकाजींच्या ओट्याशी गेली. ते जेवत होते. मी तिला उचलायला धावले, त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घास मोडला, वरणात बुडवला, डोळे अर्धवट मिटून खाल्ला, बोटं चाटली. रेवा ओट्याची कड धरून उभी राहिली. ते आणखी एक घास जेवले. तिनं हात पुढे केला, तरी त्यांनी दिला नाही. फक्त ताट तिच्या बाजूला जरासं सरकवलं. तिनं भाकरीच्या काल्यात अख्खी मूठ खुपसली आणि मूठ तोंडात नेली. माझ्या हातातला चमचा हातातच राहिला.

मी काही बोलणार, तेवढ्यात ते खालच्या आवाजात म्हणाले, "धक्का मारून गाडी सुरू होते, लेकरू नाई. तू जाय घरात."

तेव्हापासून ती रोज त्यांच्याकडे जेवायला लागली. मी तिची वाटी तिथे नेऊन ठेवायची: बिनतिखटाचं वरण, मऊ भात, कधी गोळाभातातला एखादा बेसनाचा गोळा. कधी ती वाटीतलं खायची, कधी त्यांच्या ताटातलं, कधी काहीच नाही. काही न खाता निघून गेली तरी ते तिला हाक मारत नसत. मला चैन पडत नसे. त्यांना कसलीच घाई नव्हती. दोघं समोरासमोर बसत आणि जेवत. हळूहळू तिचं अंग भरलं, गालांवर रंग आला. काकाजींमध्येही फरक पडला होता. आधी एकाच भाजीवर भागवणारा हा माणूस आता सकाळी सकाळी मला विचारायला यायचा, की आज भोपळा करू का पालक, मायबाईनं परवा पालक थुंकून टाकला होता. एरवी ते मुलीकडे, नागपूरला सुनंदाताईंकडे, सणावाराला गेले की चार दिवस राहायचे. त्या वर्षी सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले.

काकाजींना खर्ऱ्याची सवय होती. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, ती पुडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचीच. रेवासमोर ते कधी खात नसत. पण एका रविवारी दुपारी ते ओट्यावर पडले होते, सदरा काढून उशाशी ठेवलेला. रेवा कधी सुटून तिकडे गेली ते आम्हाला कळलं नाही. कळलं तेव्हा पन्नी फाटलेली होती, तिच्या तोंडाशी तपकिरी लाळ होती आणि ती ओकत होती. पाहता पाहता तिचा चेहरा पांढरा पडला, मान टाकल्यासारखी झाली.

काकाजींनी शेजारच्यांच्या व्हॅनची किल्ली अक्षरशः ओढून घेतली. पुलगावच्या दवाखान्यात तोंड धुऊन काढलं आणि मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. सेवाग्रामपर्यंत गाडी त्यांनीच चालवली. माझ्या मांडीवर रेवा, शेजारी नवरा. मी तिचं नाव घेत होते, नवरा तिच्या पायाला हात लावून बसला होता. काकाजींनी पूर्ण रस्ता नजर समोरून हलवली नाही. दवाखान्याच्या दारात आम्हाला उतरवल्यावर मात्र त्यांना गाडीतून उतरता येईना.  स्टेअरिंग धरून ते तसेच बसून राहिले.

रेवा वाचली. दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले तर ती पलंगाचा गज चाटत होती, आणि मला इतकं हसू आलं की नर्सबाई पाहायला आल्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं एवढंच सांगितलं, की आता तिला समोर पाठवायचं नाही. तो ओरडला नाही. मीही वाद घातला नाही. आणि पाठवायचा प्रश्नच आला नाही, कारण समोरचं दार बंद असायचं. दहा वाजता, जेवायच्या वेळेला, ते आतून कडी घालून घेत. रेवा रांगत जायची, उभी राहून दारावर तळहात आपटायची. दार उघडत नसे. मग ती परत यायची आणि माझ्या हातून काही खायची नाही. हातात येईल ते तोंडात घालणं पुन्हा सुरू झालं.

बरेच दिवस असे गेल्यावर मी एकदा मागच्या दारानं गेले. काकाजी आत ताट वाढून बसले होते. ताटाला हात लावलेला नव्हता. सुरकुतलेले गाल आत गेले होते. खर्रा त्यांनी त्या दुपारीच सोडला होता, हे मला पानठेल्यावाल्याच्या बायकोकडून कळलं होतं. आयुष्यभराची सवय अशी एकदम तोडल्यानं त्यांचे हात कापत होते, झोप येत नव्हती.

मी दार उघडा म्हटलं. "ते आवाज देते तं ऐकू येते मले," ते म्हणाले. "पन कोनत्या तोंडानं उघडू, रोहणेवाली? तिनं माह्यावर भरोसा ठेवून तोंड उघडलं होतं."

मी ते वाक्य संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.  पुढच्या रविवारी दहा वाजता त्यानं रेवाला कडेवर घेतलं, एका हातात तिची वाटी घेतली आणि समोरचं दार वाजवलं. "काकाजी, मी आहे," म्हणाला. कडी निघाली. त्यानं रेवाला गोणपाटावर बसवलं, वाटी ठेवली, आणि आपणही तिथंच मांडी घातली. "मलाही वाढा," म्हणाला.

त्यानंतरचं वर्ष फार चांगलं गेलं. रेवा चालायला लागली, बोलायला लागली, काकाजींच्या ताटातली आंबाडीची भाजी मागून खायला लागली. मी शाळेत परत रुजू झाले तेव्हा दुपारचं तिचं सगळं तेच पाहत. त्या काळात ते भाकर फार बारीक मोडू लागले होते. तिखट अगदी बंद केलं होतं. घास लहान लहान झाले होते. मला वाटायचं, पोरीसाठीच. खरं तर त्यांचं तोंड उघडत नव्हतं. आधी तीन बोटं जायची, मग दोन. गालाच्या आतली जखम भरत नव्हती. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सुनंदाताई आल्या, त्यांनी बळंच नागपूरला नेऊन दाखवलं, तेव्हा सगळं समजलं. दवाखान्यात म्हणाले, खर्रा सोडला ते बरंच केलं, पण फार उशिरा.

उपचारांसाठी ते नागपूरला गेले. जाताना रेवा झोपली होती. मी उठवू का विचारलं तर नको म्हणाले.

मग फोन यायचे. ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं नीट कळत नसे. नळीनं दूध, पातळ पेज, एवढंच त्यांना चालायचं. मी तब्येतीचं विचारायची, ते ती गोष्ट बाजूला सारायचे आणि घोगऱ्या, तुटक आवाजात विचारायचे, "आज काय जेवली?" मी सांगायची, वरण-भात. तेवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. वरण कशाचं होतं, फोडणीत काय होतं, आधी भात खाल्ला की पोळी, किती वेळ बसली, हात कुठपर्यंत माखले. मी शाळेतून येऊन पाय धुतले की फोन घेऊन बसायची आणि एकेक घास सांगायची. कधी तिनं जेवण टाकलं असलं तर मी तेही सांगायची. त्यावर ते म्हणायचे, "जाऊ दे. भूक लागली की येईल." पलीकडे सुनंदाताईंच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू यायची. काकाजी ऐकत राहायचे. संपलं असं वाटलं की म्हणायचे, "अजून सांग."

आम्ही एकदा भेटायला गेलो. रेवा त्यांच्या बदललेल्या चेहऱ्याला घाबरली, माझ्या पाठीमागे लपली. त्यांनी तिला बोलावलं नाही. ती सुनंदाताईंनी दिलेला उपमा खात बसली, आणि ते पलंगावरून तिच्याकडे पाहत राहिले, ती वाटी पुसून खाईपर्यंत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते गेले.

आता आम्ही वर्ध्याला राहतो. रेवा शाळेत जाते, डबा रिकामा आणते, ठेचासुद्धा खाते. परवा एका लग्नाला नाचणगावला गेलो होतो. जुन्या गल्लीतून जाताना मी त्या ओट्यापाशी थांबले. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं, ओट्यावर सायकली लावलेल्या. रेवाला मी म्हटलं, इथं देवरावकाकाजी राहायचे, तू रोज त्यांच्याजवळ असायचीस. तिला काही आठवलं नाही. आठवणार तरी कसं?

"माझ्याशी काय बोलायचे ते?" तिनं विचारलं.

मी आठवून पाहिलं. ते माझ्याशी बोलायचे, नवऱ्याशी बोलायचे, रस्त्यावरच्या माणसांशी बोलायचे. जेवताना तिच्याशी मात्र त्यांनी कधी एक शब्द काढल्याचं मला आठवेना.

"काहीच नाही गं," मी म्हटलं. "तुम्ही दोघं नुसते जेवत होता."

तिला वाटलं, मी काहीतरी लपवते आहे. ती हसली आणि लग्नघराकडे पुढे पळाली.