नाव आणि गाव

परभणीच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये मी जुन्या निवडणुकांचे कागद चाळत होतो. खेड्यातल्या दलितांना खरोखर मत टाकता आलं का, हे मला शोधायचं होतं. नामांतराची दंगल नुकतीच होऊन गेली होती.

समोरच्या बाकावर एक जण भिंतीला पाठ लावून बसलेला. दारात पाऊल वाजलं की आधी माणूस बघायचा, मगच श्वास सोडायचा.

त्याला एका जुन्या हुकुमाची नक्कल हवी होती. गावात मतदान देवळात व्हायचं. त्याच्या लोकांना पायरीखालीच थांबवत आणि आत त्यांच्या नावावर दुसरेच शिक्का मारत. यानं अर्जामागून अर्ज करून, तसा हुकूम काढायला लावून केंद्र शाळेत नेलं होतं. आता पुन्हा निवडणूक आली होती.

"केंद्र परत देवळात न्यायलेत," तो म्हणाला. "हुकुमाची नक्कल घरात व्हती. घरच जाळलं. सरकारकडं तर आसंल?"

कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. "नाव, गाव लिहा."

तो थबकला. दाराशी बसलेला शिपाई त्याच्याच गावचा होता, आणि मान वळवून बघत होता. संध्याकाळच्या एसटीनं बातमी गावात पोचणार होती.

मी हळूच म्हणालो, "माझ्या नावानं काढून देऊ का?"

"तुमचं मन चांगलं हाय, साहेब. पण आमच्याबदली दुसऱ्यानंच लिहायचं, तर देवळात काय येगळं व्हतंय?"

मग शिपायाला ऐकू जाईल असं, अक्षर अन् अक्षर मोठ्यानं म्हणत त्यानं नाव लिहिलं, गाव लिहिलं.

ते नाव मला आजही पाठ आहे. इथं लिहीत नाही. ते लिहायचं काम त्याचं होतं, त्यानं केलं.