ओढ्यापलीकडचं घर

बाबांच्या अंघोळीसाठी रोज सकाळी एक रोमानियन केअरर यायची. पन्नाशीची, दणकट, हसरी. सुट्टीवरून परतताना तिने एक चित्र आणलं, तिच्या मामाने रंगवलेलं तिचंच गाव. टेकडी, गवताच्या गंज्या, लाकडी घरं, मधोमध चर्चचा कळस आणि ओढ्यापलीकडे एकच घर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हाताऱ्या माणसांना गाव दिसलं की ती शांत होतात, असं तिचं म्हणणं.

आमच्या घरात गावाचं नाव काढायची सोय नव्हती, हे तिला कसं सांगणार? बाबा गावकुसाबाहेर जन्मले, शिकून इंजिनिअर झाले, बुद्धाला शरण गेले आणि इंग्लंडात मेडनहेडला आले ते गावाकडे कायमची पाठ फिरवून. इथल्या मराठी कार्यक्रमात कोणी गावच्या आठवणींनी गहिवरलं, की बाबा उठून कोट चढवायचे. "ज्यांना गोड लागलं त्यांनी खुशाल गळे काढावेत," म्हणायचे. त्यांची ही धार मला फार आवडायची. डिमेन्शियाने आधी तीच नेली.

मला वाटलं, हे तर परक्या देशातलं गाव. इथे बाबांना कोण अडवणार? मी ते त्यांच्या खुर्चीसमोर टांगलं.

काही दिवस ते नुसते बघत बसले. मी सुखावले. मग एका दुपारी त्यांनी ओढ्यापलीकडच्या घरावर बोट ठेवलं. "आपलं," म्हणाले.

त्यानंतर ते खुर्चीत बसेनात. पुढच्या दारापाशी, चपलांजवळ अंग चोरून बसायचे. मी चित्र उतरवून मागच्या शेडमध्ये टाकलं, पण उपयोग शून्य. केअरर बिचारी रडली. तिचा काय दोष, पण मला तिचा, तिच्या मामाचा, त्या हिरव्यागार टेकडीचाही राग आला. एवढी वर्षं लांब पळून बाबा शेवटी तिथेच पोचले होते, आणि त्यांना तिथून बाहेर काढायला माझ्यापाशी काहीच नव्हतं.

एकदा त्यांना तहान लागली. मी ग्लास पुढे केला, तर ते मागे सरकले. मान खाली घालून त्यांनी ओंजळ तोंडाशी धरली.

"माय, वरनं वता."

"बाबा, मी आहे, तुमची मुलगी. ग्लास हातात घ्या ना, प्लीज."

ते ओंजळ तशीच धरून राहिले. ओठ सुकले होते. शेवटी मी ग्लास उंच धरला आणि वरून पाणी ओतलं.