उघाडीची पाळी आणि सोळावं होल

दादाची गोल्फची काठी मामाच्या मनगटावर बसली तेव्हा वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि मी म्हणालो, "अहो, ग्रीनच्या गवतावर काठी आपटायची नसते." योग्य नियम चुकीच्या क्षणी सांगायचा, हे मला जन्मभर जमत आलंय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उरणच्या बंदरावर त्याचे ट्रेलर चालतात. मामा म्हणजे वहिनीचा भाऊ, माणगावचा. घरची भातशेती, शिवाय कारखान्यांना माणसं पुरवायचं कंत्राट. पुतणीचा तो मामा, म्हणून आम्हा सगळ्यांचाच मामा. दादा-वहिनीचं लग्न प्रेमाचं. त्या वेळी दोन्ही गावांतून काठ्या निघाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या कुणी नीट परत ठेवल्याच नाहीत. दर सणाला एखादी बाहेर येतेच.

दोघंही गोल्फ शिकले ते धंद्यापायी, मोठ्या साहेबांच्या मागे मागे. मीही एकदा खेळलो. चेंडू जागेवर राहिला आणि कंबर गेली. तेव्हापासून मी कार्ड लिहितो.

त्या दिवशी आम्हाला वहिनीनेच घराबाहेर काढलं होतं. पुतणीचं लग्न रविवारवर आलेलं, अंगणात मांडव चढत होता, आणि मांडवाखाली हे दोघं डीजे आणायचा की बँजो यावरून एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले होते.

"भावजी," वहिनी मला म्हणाली, "यांना घेऊन जा कुठेतरी गवतावर. आणि नीट ऐका. रविवारी माझा भाऊ पोरीच्या मागे उभा राहिला पाहिजे. पोरीने लहानपणापासून तेवढंच मागितलंय. तो रुसून माणगावला गेला, तर तुम्ही मांडवात पाय ठेवू नका."

मी होकार दिला. माझ्या होकाराला घरात काय किंमत आहे हे मला माहीत होतं, पण तिलाही माहीत असावं असं वाटलं होतं.

आता थोडं कार्डाबद्दल सांगतो, कारण रक्त त्यावरूनच सांडलं. दादा कच्चा, मामा पक्का. दोघांच्या हँडिकॅपमध्ये, म्हणजे कच्च्याला मिळणाऱ्या सवलतीत, दहाचा फरक. इतके दिवस ते साधा खेळ खेळायचे. अठरा होलचे सगळे स्ट्रोक, म्हणजे फटके, मोजायचे, कमी तो वरचढ, शेवटी ज्याचा त्याचा हँडिकॅप एकदम वजा करायचा, आणि उरलेल्या आकड्यावर भांडायचं. त्या दिवशी मामा म्हणाला, "आज मॅच खेळू, दाजी. होलागणिक हारजीत." मॅचमध्ये ते दहा स्ट्रोक एकगठ्ठा मिळत नाहीत. क्लबने प्रत्येक होलला अवघडपणाचा क्रमांक दिलेला असतो, तो कार्डावर छापलेला असतो. पहिल्या दहा क्रमांकांच्या होलवर दादाला एकेक स्ट्रोक माफ, बाकी ठिकाणी काही नाही. हे क्रमांकही क्लब मुद्दाम पसरून देतात, निम्मे अलीकडच्या नऊत, निम्मे पलीकडच्या नऊत. कच्च्या माणसाची मदत शेवटच्या होलांवर साठून राहिली आणि मॅच आधीच संपली, तर त्या मदतीचा उपयोग काय? जोडीने चौघं खेळले तर हिशोब आणखी वेगळा, तिथे आधी हँडिकॅपलाच थोडी कात्री लागते. हे सगळं मी गाडीत समजावलं. दादा फोनवर ट्रेलरच्या ड्रायव्हरला शिव्या घालत होता. मामा झोपला होता.

तिसऱ्या होलवर दादाला स्ट्रोक होता. पण तिथे तो तीन स्ट्रोकने मागे पडला. मी म्हणालो, "दादा, इथे तुझा एक वजा."

"एकानं काय होतंय? हरलोच ना? राखून ठेव."

मी मामाकडे पाहिलं. मामाने मान हलवली. पाचव्यावर दादा तसाच जिंकला, स्ट्रोकची गरजच नव्हती. "हा पण ठेव," दादा म्हणाला. मामाने पुन्हा मान हलवली, आणि या वेळी हसलासुद्धा. नवव्यावरही तेच झालं. मला वाटलं, देवाची कृपा, दोघं एकमेकांना समजून घेतायत.

प्रत्यक्षात दोघं आपापल्या गावात उभे होते. आमच्याकडे खाजणाच्या बांधाला भरतीचं पाणी सोडायची दारं असतात, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिथे जाळं लावायची घराघराची पाळी असायची. भांगाच्या दिवसांत पाण्याला जोर नाही, मासळी नाही. मग माणूस पंचांना सांगायचा, माझी पाळी राखून ठेवा. आणि उधाणाला येऊन मागायचा. ती मिळायची. न मिळाली तर वल्ही डोक्यात बसायची, पण मिळायची. मामाच्या माणगावला कालव्याचं पाणी. तुझ्या वेळेला तू दार उघडलं नाहीस, तर पाणी पुढच्याच्या शेतात गेलं. गेलं ते गेलं. तिथे "नको" म्हणजे सोडलं.

सोळाव्या होलला दादाला स्ट्रोक नव्हता. मामा दोन होलने पुढे होता. दादाचे सात झाले, मामाचे पाच. मामाने चेंडू खिशात टाकला आणि हात पुढे केला. "चला दाजी. तीनने पुढे, उरली दोन. मॅच संपली."

"संपली कशी?" दादा म्हणाला. "माझे राखलेले हायेत की. दोन लावले, बरोबरी. अजून एक लावतो, हे होल माझं."

"कुठले राखलेले?"

"तुमच्यासमोर ठेवले. मुंडी हलवली तुम्ही."

"तुम्ही सोडलेत म्हणून हलवली."

"सोडले? मी? अरे, माझ्या बापानं उघाडी सोडली न्हाय कधी!"

"मग उघाडीवरच बसायचं होतं. इथं कशाला आलात, मिठागरवाले?"

त्यानंतर कुणी दाजी नव्हतं आणि कुणी मेव्हणे नव्हतं. दादाची काठी आधी गवतात बसली, मग मनगटावर. मामाने ओरडण्यात वेळ घालवला नाही. खाली वाकला आणि डोकं दादाच्या नाकावर मारलं. दादा मागच्या वाळूच्या खड्ड्यात पाठीवर पडला, मामा त्याच्या छातीवर. वाळू लाल झाली. दादाने मूठभर वाळू मामाच्या तोंडात आणि डोळ्यात कोंबली. मामाने धड हाताने झेंड्याची काठी ओढून घेतली आणि फिरवली. ती मधे पडलेल्या माणसाच्या भुवईवर बसली. मधला माणूस मी. माझ्या हातात अजून कार्ड होतं, आणि मी म्हणत होतो, "सोळाव्याचा क्रमांक बघा, क्रमांक बघा!" दोघांनी मिळून मला ढकललं. त्या दिवसात एकमताने घडलेली तेवढी एकच गोष्ट.

क्लबच्या माणसांनी आम्हाला पाइपच्या पाण्याने वेगळं केलं.

दवाखान्यात मामाच्या मनगटाला प्लास्टर, दादाच्या नाकात बोळे, माझ्या भुवईला टाके. वहिनी आली. भावाचं प्लास्टर पाहिलं, नवऱ्याचं नाक पाहिलं, आणि मला थोबाडीत मारली. तिचं बरोबर होतं. त्या खोलीत धड गाल माझाच होता.

"रविवारी दुसरा मामा बघा," मामा म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

पुतणी दारात उभी होती. ती रडली नाही. म्हणाली, "दुसरा नाय उभा करणार मी. जागा रिकामी ठेवीन. लोकांनी विचारलं तर सांगेन, मामा काठीवरून गेला." आणि निघून गेली.

रविवारी अंतरपाट धरला तरी मामाचा पत्ता नव्हता. पुतणीच्या मागची जागा खरंच रिकामी. बायका कुजबुजत होत्या. वहिनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती बघून मी दुसरा गाल तयार ठेवला. भटजींनी घसा साफ केला, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गाडी करकचून थांबली. मामा गर्दीतून खांदे मारत आला, वाजंत्र्यांतल्या एका माणसाला त्याने चक्क बाजूला फेकलं, आणि पोरीच्या मागे उभा राहिला. धड हात तिच्या खांद्यावर, प्लास्टरचा छातीशी.

मंगलाष्टकं सुरू झाली. दादाने पहिल्या अक्षता टाकल्या. टाकल्या नाहीत, मारल्या. मामाच्या सुजल्या डोळ्यावर. दुसऱ्या कडव्याला पुन्हा, आणखी जोरात. ताटातले तांदूळ तो मूठ वळून उचलत होता. मामाचे डोळे पाणावले, कानाची पाळी लाल झाली, प्लास्टरच्या टोकाला बोटं ताठ झाली. मी मधे पडायला एक पाऊल टाकलं आणि भुवईचे टाके आठवून मागे घेतलं.

पुतणीने मुंडावळ्यांतून मान न हलवता म्हटलं, "बाबा, पुरे. मला लागतंय."

दादाची मूठ वरच राहिली. मग सैल झाली, तांदूळ त्याच्याच पायावर पडले. मामाने शेवटच्या कडव्यापर्यंत डोळा पुसला नाही. पुसायला हात लागला असता, आणि तो त्याने तिच्या खांद्यावरून काढला नाही.