पुठ्ठ्याचं आयर्न

"हात खंय घालू?"

ताईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. सर्किट बोर्डाचं माझं पहिलंवहिलं डिझाइन त्यांच्या टेबलावर ठेवून मी कौतुकाची वाट बघत उभा होतो. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं पेन धरल्यासारखी जुळवली, तिरकी केली, नकाशावर इकडून टेकवून पाहिली, तिकडून टेकवून पाहिली आणि मान वर करून हे विचारलं. मी मुलुंडचा. खंय म्हणजे कुठे, एवढं मालवणी मला कळत होतं. पण माझ्या बोर्डात या बाईंना हात कशाला घालायचाय, ते काही कळेना.

"ताई, हात घालायची गरजच नाही. सगळं मशीन लावतं."

"आणि बिघाडला की? दुरुस्त करूक मशीन येतला?"

अंधेरी एमआयडीसीत आमची कंपनी तीन मजल्यांची होती. पहिल्या मजल्यावर मशीनं बोर्डावर सुटे भाग बसवायची, दुसऱ्यावर बायका सोल्डरिंगची, पेनासारखी धरायची तापलेली आयर्न घेऊन दुरुस्तीला बसायच्या आणि तिसऱ्यावर आम्ही इंजिनियर मंडळी एसीत बसून त्यांच्यासाठी अडचणी तयार करायचो. ताईंनी वीस वर्षं दुसऱ्या मजल्यावर काढली. एखादा बोर्ड हाताला नडला की त्या तो घेऊन जिना चढायच्या आणि ज्याने काढला त्याला शोधून फैलावर घ्यायच्या. शेवटी साहेबांनी विचार केला, की या बाईंना वरच टेबल दिलं तर निदान भांडण बोर्ड बनायच्या आधी होईल. साहेबांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणा निर्णय. त्यांनाही तो तसा वाटत असेल असं नाही.

ताईंचं काम एका ओळीचं. बोर्डावरच्या दोन भागांमध्ये पुरेशी जागा आहे का, ते बघायचं, 'तपासले' असं लिहायचं आणि खाली सही करायची. सही नसेल तर बोर्ड बनायला जायचा नाही.

त्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. त्या डिझाइन पाचपट मोठं छापून घ्यायच्या आणि कागदाला कागद चिकटवून सतरंजीसारखं टेबलावर पसरायच्या. मग ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचं आयर्न निघायचं. मिठाईच्या खोक्यातून कापलेलं, तेही पाचपट. आयर्नच्या टोकाला आमच्याकडे बिट म्हणतात. तो पुठ्ठ्याचा बिट त्या प्रत्येक कपॅसिटरच्या कुशीत नेऊन ठेवायच्या. शेजारच्या भागाला तो टेकला, की लाल पेन्सिलीने गोल. एका बोर्डाला दोन दिवस लागायचे. त्या दोन दिवसांत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला डबा मांडीवर घेऊन खावा लागे.

तुम्ही कुठल्याही ऑफिसात काम केलं असेल, तर असं एक माणूस तुम्हालाही भेटलं असेल. त्याच्या सहीशिवाय पान हलत नाही आणि त्याला टाळून जायची वाट सगळेच शोधत असतात. आम्हीही शोधत होतो. "सॉफ्टवेअरमध्ये सगळं पास आहे हो ताई," असं मी एकदा चिडून म्हणालो, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या सॉफ्टवेअराक बोटां आसत?"

हा रोग बोर्डापुरता नव्हता. तिसऱ्या मजल्यावर नवीन बेसिन बसवत होते, तेव्हा ताई हात धुवायला म्हणून गेल्या आणि वाकून खाली बघत राहिल्या. पाइप आवळायची चक्री भिंतीला चिकटली होती. "पाना कैसा फिरेगा?" त्यांनी प्लंबरला विचारलं. "फिरेगा ना मॅडम," प्लंबर म्हणाला. तीन महिन्यांनी बेसिन गळायला लागलं आणि पाना फिरवायला भिंत फोडावी लागली. ताई तिथे उभ्या राहून बघत होत्या. प्लंबरची मान वर होईना.

मग आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलं. जागा तपासणं हेच त्याचं काम. साहेबांनी जाहीर केलं, की एकच बोर्ड दोघांकडे द्यायचा, सॉफ्टवेअरकडे आणि ताईंकडे. सॉफ्टवेअर पुरेसं चांगलं निघालं तर ताईंची बदली स्टोअरमध्ये. हे त्यांनी ताईंसमोरच सांगितलं. त्या "बरां" म्हणाल्या आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला लागल्या.

बोर्ड निघाला माझा. लिफ्टच्या दरवाज्याचा कंट्रोलर. सॉफ्टवेअरने चार मिनिटांत पास केला. ताईंनी दोन दिवस घेतले आणि अकरा गोल काढले.

माझं डोकं फिरलं. अकरा गोल म्हणजे अख्खा बोर्ड नव्याने काढणं आलं. त्यांना चुकीचं ठरवायचंच या इराद्याने मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावर गेलो. एका बाईच्या हातातलं आयर्न बघितलं आणि बघतच राहिलो. बिट सुईसारखा बारीक. "हे कधी आलं?" मी विचारलं. "चार वर्सं झाली," ती म्हणाली. ताईंचा पुठ्ठा अजून जुन्या, जाड बिटाचा होता. जे आयर्न भंगारात गेलं, त्याच्यासाठी त्या चार वर्षं आमच्याकडून जागा सोडवून घेत होत्या.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. ही गोष्ट मी आधी ताईंना सांगितली. तो माझा चांगुलपणा नव्हता. साहेब जागेवर नव्हते.

ताई उठून खाली गेल्या. तासाभराने वर आल्या, फरसाणाच्या खोक्यातून नवीन, बारीक बिट कापला आणि सगळा बोर्ड पहिल्यापासून तपासला. मी शेजारी बसून बघत होतो. आठ गोल त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले. तीन ठिकाणी बारीक बिटही टेकत होता. ते मला माझ्या डोळ्यांनी दिसलं.

मीटिंगमध्ये त्यांनी आधी स्वतःच सांगून टाकलं. "साहेब, आठ गोल माजे चुकले. चार वर्सां मी जुन्या बिटान तपासत होतंय. पण हे तीन खरे आसत."

साहेब माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

तीन बरोबर आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण त्यातल्या एकासाठी मोठा कनेक्टर हलवावा लागला असता, म्हणजे आणखी दोन आठवडे गेले. मी म्हणालो, "सॉफ्टवेअर पास म्हणतंय, सर." आणि वही बंद केली.

सोमवारपासून ताई स्टोअरमध्ये बसायला लागल्या.

बोर्ड बनून आले, चाळीस. त्या तीन गोलांपैकी एकात, कनेक्टरच्या अगदी पोटाशी, एक इवलासा कपॅसिटर होता. चाळीसही बोर्डांत तो एका बाजूने उचलला गेला होता, म्हणजे जोड सुटलेला. आणि तिथे बिट जाईना. आधी चोवीस पायांचा कनेक्टर काढायचा, मग तो कपॅसिटर बसवायचा, मग कनेक्टर परत लावायचा. दुसऱ्या मजल्याने हात वर केले. साहेबांनी ताईंना स्टोअरमधून बोलावलं. त्यांनी एकच अट घातली. "जेणा ह्या काढल्यान, तो माज्या बाजूक बसतलो."

मी चार दिवस त्यांच्या बाजूला बसलो. पहिल्याच तासात बोट भाजून घेतलं. ताईंनी नळाकडे बोट दाखवलं, बस. एक टोमणा नाही. मी टोमण्यांची तयारी करून गेलो होतो आणि ते न मिळणंच मला फार जड गेलं. त्या नुसत्या शिकवत राहिल्या. आयर्न दाबायचं नाही, टेकवायचं. टेकवताना श्वास धरायचा. सात-आठ बोर्ड झाले, की माझ्या ढिगातला एखादा उचलून भिंगाखाली धरायच्या आणि "ह्यो परत" म्हणून माझ्यापुढे सरकवायच्या.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. "ताई, ते तीन गोल बरोबर होते. मला तेव्हाच दिसलं होतं."

त्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही. "माका म्हायत आसा. माका कित्याक सांगतंस? मी साहेब आसंय?"

चाळिसावा बोर्ड झाल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. आणू परत त्यांना तपासणीला. एचआरला पत्र काढायला सांगतो."

एचआरने पत्र काढलं. त्यांच्या वेगाने. दरम्यान महिना संपला, ताईंना अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि शाल, नारळ, समोसे घेऊन त्या रिटायर झाल्या. पत्र पुढच्या महिन्याच्या चार तारखेला तयार झालं. मी म्हटलं, आता याचं काय करायचं? एचआरची मुलगी म्हणाली, पत्र निघालं म्हणजे ते पोचवलंच पाहिजे आणि पोचपावती आणलीच पाहिजे. दुसरं कोणी जाईना. मी गेलो.

घाटकोपरच्या दोन खोल्यांत ताई बांगडे साफ करत होत्या. हात धुऊन, चष्मा लावून त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"बरां लिवल्यानी."

"ताई, उशीर झाला. माझ्यामुळे झाला."

"तू साहेबाच्या तोंडार बोललंस मा?"

"बोललो."

"मग झालां. आता जेवान जा."

मी जेवलो. मला मान वर करवत नव्हती. ही बाई स्वतःच्या आठ चुका भर मीटिंगमध्ये सांगून मोकळी झाली होती आणि माझ्याच्याने तीन खऱ्या गोष्टी बोलवल्या नव्हत्या. डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा कालवण तिखट आहे असं मी म्हणालो. ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

निघताना मी पोचपावती पुढे केली. तिथे फक्त 'मिळाले' असं लिहून खाली सही करायची होती. ताईंनी कागद खिडकीपाशी उजेडात नेला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि हाताच्या सवयीने लिहिलं, 'तपासले'. खाली सही केली, तारीख घातली.

मी दुरुस्त करा म्हटलं नाही. एचआरनेही न बघताच तो कागद फाइलला लावला. आमच्या कंपनीत असलेली त्यांची शेवटची सही ती.