पहिली प्लेट

सुलक्षणा नाडगौडा एडिनबराच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू झाल्या, त्या आठवड्यातच एका सहकारी बाईने त्यांच्या डब्यातल्या लसणीच्या चटणीला नाक मुरडलं. तेव्हापासून त्यांचं टेबल असं लखलखायचं की वर पंगत वाढावी. बाई मानी होत्या, आणि झालेला अपमान जन्मभर जपून ठेवायच्या.

त्यांना जर्मन येत होतं. जावई जर्मनीतला मिळेल या आशेने वडिलांनी पुण्यात क्लासला घातलं होतं. मिळाले एडिनबराचे पद्माकर. लॅबच्या कपाटात त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका जर्मन डॉक्टरचं पुस्तक सापडलं. हा गृहस्थ मृतदेह उघडून रोगाचा माग काढायचा. फुप्फुसात बुरशी दिसली की बाकीचे म्हणत, मेल्यावर धरली असेल, प्रेतं ठेवायचं तळघर दमट आहे. याने पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली दाखवलं की बुरशीचे धागे पार रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेत, म्हणजे माणूस जिवंत असतानाच ती वाढली होती. बाई लंचला पोळीभाजी खात एकेक पान वाचायच्या.

"जेवताना मढी कसली वाचतेस?" पद्माकर म्हणायचे.

१९८७च्या फेब्रुवारीत एका पोस्टमनचा कफ तपासायला आला. ब्लड कॅन्सरचा पेशंट, ताप हटत नव्हता. तिसऱ्या दिवशी, जंतू वाढवायला कफ लावलेल्या प्लेटवर करड्या-हिरव्या बुरशीचा ठिपका उगवला. हवेतली बुरशी कुठल्याही लॅबमध्ये प्लेटवर पडते. तेवढी नोंद करायची आणि प्लेट टाकायची, एवढा साधा नियम. पण बाईंच्या डोक्यात एकच आलं : माझ्या टेबलावर घाण? कुणी बघायच्या आत प्लेट बिनमध्ये गेली, टेबल स्पिरिटने पुसून झालं, आणि रजिस्टरमध्ये 'काही वाढले नाही' असं लिहिलं गेलं.

आठ दिवसांनी दुसरा नमुना आला आणि तोच ठिपका पुन्हा उगवला. एकदा आलेली बुरशी हवेतली म्हणून सोडता येते, दोनदा आलेली नाही. पण ती दोनदा आलीय हे जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. गप्प बसल्या तर डॉक्टर तिसऱ्या नमुन्याची वाट बघणार, आणि पोस्टमनकडे तेवढे दिवस नव्हते.

त्या जर्मन डॉक्टरने एके ठिकाणी लिहिलं होतं, 'पहिल्या देहात ही बुरशी मला दिसली होती. घाण समजून मी ती धुऊन टाकली.' वाचताना बाईंना वाटलं होतं, काय अडलं होतं याचं छापायला? आता त्यांना ते कळलं.

त्या थेट लॅबच्या मुख्य डॉक्टरच्या, कन्सल्टंटच्या खोलीत गेल्या. "ही दुसरी वेळ आहे. पहिली प्लेट मी फेकली, आणि रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं."

तो लालबुंद झाला, पण आधी त्याने वॉर्डला फोन लावला. दुपारीच औषध सुरू झालं. बाईंच्या फाइलीत लेखी ताकीद लागली आणि सीनियरची जागा हातची गेली. पोस्टमनचं अर्धं फुप्फुस काढावं लागलं. तो जगला.

ऑगस्टमध्ये तो धापा टाकत लॅबच्या दारात आला. हातात शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा होता. बुरशी शोधणाऱ्या बाई कोण, म्हणाला. बाईंनी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं.

"किती दिवस गेले त्यात?" त्याने विचारलं.

"आठ."

तो उठला. डबा टेबलावर ठेवला आणि धापा टाकत निघून गेला.

घरी पद्माकर वैतागले. "अगं, तो थँक यू म्हणायला आलेला! कशाला सांगितलंस? त्या पुस्तकवाल्याने तरी सांगितलं का पेशंटला?"

"त्याचा मेलेला होता हो," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "माझा ऐकायला जिवंत होता."