बांगड्या उतरवणारे लटारूजी

लटारू मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. शेडच्या दारात आडवे उभे राहून म्हणाले, "हात दाखवा जी." मला वाटलं, हे भविष्य बघतात की काय! मी ऐटीत उजवा तळहात पुढं केला. त्यांनी तो उलटा केला आणि माझ्या लग्नातल्या अंगठीवर बोट ठेवलं. "हे खिळ्याले टांगा. आंगठी दुसरी भेटल, बोट नाही भेटत."

लढाईचे दिवस होते. बिरसीच्या धावपट्टीजवळ पत्र्याची एक लांबलचक शेड उभी राहिली होती आणि तिथं विमानांचे पंख तयार व्हायचे. मी अवजारं देण्याघेण्याच्या खिडकीवर बाबू होतो. भोकं पाडायच्या मशीनवर पत्रा धरायला बाया होत्या, बहुतेक बिडीचं काम सोडून आलेल्या. लटारूजी त्यांचे मिस्त्री. सालेकशाकडच्या जंगलातल्या गावचे, मागंपुढं कोणी नाही.

दाराशेजारच्या फळीवर प्रत्येकाचा एक खिळा होता. अंगठ्या, ताईत, आमच्याकडच्या प्रतापगडच्या दर्ग्यातले दोरे, सगळं तिथं टांगून मगच आत जायचं. पुरुष कुरकुरत आणि ऐकत. पण सवाष्णीनं बांगड्या उतरवायच्या म्हणजे काय! नव्या भरतानासुद्धा मनगट रिकामं राहू नये म्हणून बाया हाताला दोरा गुंडाळतात. मिस्त्रींना तोही चालत नसे. "दोरा तं बांगडीहून वाईट. बांगडी फुटते तरी. दोरा तुटत नाही, हात घेऊन जाते." आमच्या बाया 'बांगडी वाढली' म्हणतात, आणि हा गृहस्थ सकाळी सकाळी दारात उभा राहून 'फुटते, फुटते' करायचा!

त्यामुळं त्यांना कोणी जवळ करत नसे. लग्नसराईत सगळ्या शेडला अक्षता यायच्या, मिस्त्रींना सोडून. हळदीच्या घरात त्यांची सावली नको म्हणत. जेवणाच्या सुट्टीत ते एका रिकाम्या खोक्यावर डबा उघडून एकटेच बसत. एकदा मी शेजारी जाऊन बसलो, तर त्यांनी इतक्या घाईनं चटणी पुढं केली की मला गलबलून आलं.

मग जैवंता कामाला आली. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडं. त्याचं पत्र नाही. घरी सासू आणि लहान लेकरं. दारातच तिनं हात मागं घेतले. "ते तिकडं लढून राहिले, अन् मी इथं हात मोकळे करू? नाही उतरवत जी."

"नको उतरवू माय. पण मशीनजोळ येऊ नको."

त्यांनी तिला झाडलोटीचं काम दिलं. त्यात मजुरी थोडी. शेडच्या साहेबाला कामाची घाई होती. तो म्हणाला, बांगड्यांसकट लाव तिला मशीनवर. मिस्त्रींनी सरळ मशीनचा पट्टा उतरवला. "पयले मले काढा साहेब, मंग तिले लावा." साहेब चरफडत निघून गेला. पुढं जैवंताचं धाकटं लेकरू आजारी पडलं. औषधपाण्याला झाडूची मजुरी पुरेना. एका सकाळी तिनं बांगड्या उतरवल्या आणि मशीनवर गेली.

पावसाळा सरता सरता तार आली. तिचा नवरा लढाईत पडला होता.

गावानं निकाल लावून टाकला. लटाऱ्यानं बांगड्या काढवल्या, लटाऱ्यानंच तिचं कुंकू पुसलं. कोणी त्यांच्या दारावर शेण फेकलं. मिस्त्रींनी ते धुऊन काढलं आणि माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, "बाबूजी, खरंच असं होते का जी?" मी म्हणालो, "छे हो, भलतंच काय!" त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात बघणं सोडलं. ते खाली मान घालून उभे राहत आणि बाया बांगड्यांसकट मशीनवर जात. मला खिडकीत बसून धडकी भरायची.

दिवसकार्य उरकून जैवंता कामावर परतली ती भुंड्या हातांनी. मिस्त्री मान खाली घालून उभे आहेत, बाया किणकिणत आत चालल्या आहेत, हे पाहून ती दारात आडवी उभी राहिली.

"मिस्त्रीजी, माहा माणूस गोळीनं मेला, तुमच्या खिळ्यानं नाही. आता माह्या लेकरायले हेच हात पोसतीन. यायच्या हातायले कायले पाहून नाही राहिले?"

मग पुढच्या बाईनं बांगड्या उतरवल्या, तिच्यामागं दुसरीनं. मिस्त्रींनी मान वर केली आणि पुन्हा एकेकीचे हात बघू लागले.

लढाई संपल्यावर शेड मोडली. मिस्त्री आपल्या जंगलाकडं निघून गेले आणि परत कधी भेटले नाहीत. मला त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त आठवतो तो, जैवंताला तार आली त्या वर्षीच्या मंडईचा दिवस. दिवाळीनंतरच्या या जत्रेला आमच्याकडं घरोघर पाहुणे असतात. जैवंतानं माझ्यादेखत मिस्त्रींना जेवायला बोलावलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. पण म्हणाले, "नाही माय, माही ड्युटी आहे."

ती गेल्यावर मी भांडलोच. "मंडईला शेड बंद असते. कसली ड्युटी?"

"तरणी बाई ते, माणूस गेलेली. एकटा गडी तिच्या घरी जेवून आला तं गाव तिले जगू देईल का? मशीन मले बंद करता येते बाबूजी. गावाचं तोंड नाही येत."

मंडईच्या दुपारी मी त्यांना शोधत गेलो. बंद शेडच्या पायरीवर ते एकटेच बसले होते. गावातून दंडारीच्या खेळाचा ढोल ऐकू येत होता. ताजी दाढी, पांढरंशुभ्र धुतलेलं धोतर, डोक्याला कोरी टोपी. जेवायला जायची सगळी तयारी करून ते तिथं बसले होते.