शिशाचं सील

रघूमिस्त्री गेल्याचं मला मुरूमच्या बाजारात कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. बियाण्याच्या दुकानात कुणीतरी सहज बोलून गेलं. मी पिशवी उचलली आणि घरी आलो. त्याला आता दीड महिना झाला. ओळखीचं माणूस गेलं की चार ओळी लिहायची माझी सवय आहे, गाव त्यावरून माझी चेष्टाही करतं. या वेळी मात्र हात धजत नव्हता. मिस्त्रींच्या नावाला एक बट्टा लागला होता आणि तो माझ्यामुळं लागला होता.

रघुनाथ गायकवाड त्यांचं नाव. सोलापूरच्या एका वर्कशॉपात काम शिकून ते मुरूमला परतले आणि बौद्धवाड्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल पंप जुळवायला लागले. हा पंप पाण्याचा नव्हे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला मोजकं डिझेल नेमक्या क्षणी नोझलमधून पोचवतो, तो. मिस्त्री तो बाकावर चढवून फिरवत आणि काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल खाली वाकून बघत... चारी नळ्या सारख्या भरल्या की जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा स्क्रू आवळत, त्यातून तार ओवत आणि तारेवर शिशाचं सील दाबत. सीलवर त्यांचा ‘र’ उमटायचा. तो शाबूत असेपर्यंत इंजिनाची हमी त्यांची.

बहात्तरच्या दुष्काळात मी आमच्या गावच्या उपसा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पंचविशीतला. घरची जमीन बऱ्यापैकी, त्यामुळं अक्कलही बऱ्यापैकी असल्याचा समज. पिकं गेलीच होती. नदीच्या डोहावरचं, मिस्त्रींनी सील केलेलं सोसायटीचं इंजिन गावापुरतं आणि जनावरांपुरतं पाणी देत होतं. डोह खाली गेला तसं इंजिन दमायला लागलं. लोक म्हणत, डिझेल वाढवा की. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, “न्हाय, सेक्रेटरीसाहेब. ह्याच्या वर दिलं तर नीट जळणार न्हाय, नुसता धूर व्हईल आन् पिस्टन तापून सिलिंडरात धरंल. पाणी कमी येतंय तर येऊ द्या.”

मी ऐकलं नाही. एका दुपारी एकटाच डोहावर गेलो, तार सोडवली, स्क्रू एक फेरा फिरवला आणि तेच सील पकडीनं पुन्हा दाबून टाकलं. धार वाढली, लोक खूश झाले. काळ्या धुराकडं मी काणाडोळा केला. चौथ्या दिवशी पिस्टन धरला आणि इंजिन बंद पडलं.

चेअरमननी मिस्त्रींना बोलावून घेतलं. ते आले, पंपाजवळ बसले, सीलवरून अंगठा फिरवला. ‘र’ चेपून गेला होता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तिथंच उभा होतो...

“उगं भलत्याच्या हातात काम दिलं,” चेअरमन म्हणाले. त्या ‘भलत्या’चा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. नवे भाग येईपर्यंत बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या आणि मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडत होत्या. आसपासच्या सोसायट्यांनीही त्यांच्याकडं जाणं सोडलं. वर्षभरात त्यांनी शेड मोडली आणि बायकोला घेऊन सोलापूर गाठलं.

तिथं त्यांचं बरं चाललं. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा उतारवयात पुण्याला जाऊन ते कामही शिकून आले. थकल्यावर पुन्हा मुरूमला परतले. मागच्या वर्षी माझी पिकअप ओढेना, म्हणून धीर करून त्यांच्याकडं नेली. त्यांनी वायर जोडली, हातातल्या छोट्या पडद्यावर आकडे उमटले. “हवा किती, गरमी किती, पायाचा जोर किती, समदं ह्याला कळतंय,” ते म्हणाले. “हिशेबानं तेवढंच डिझेल सोडतंय. आन् काय बिघडलं ते लिहून ठेवतंय. मिस्त्रीवर आळ येत न्हाय.” आवाजात टोमणा नव्हता. बोलायची वेळ तीच होती. मी पावसापाण्याचं विचारलं आणि गाडी घेऊन निघालो. त्याची लाज मला आजही वाटते.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. चेअरमन गेले, पंच गेले, ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं त्यातलं कुणी उरलं नाही. म्हणून ओट्यावर उभं राहून मिस्त्रींच्या बायकोला, सुमनवहिनींना सांगितलं, की सील मी तोडलं होतं.

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी सांगितलं हुतं त्यांनी मला.”

“मग तेव्हा बोलले का नाहीत?”

“तुमच्या म्होरं आमचं कोण ऐकलं असतं, भाऊसाहेब?” मग म्हणाल्या, “तुमी गाडी घेऊन आलता, तवा घरात येऊन म्हणले, सेक्रेटरीसाहेबांच्या व्हटावर आलंय, बोलतील आता. तवापासून दर ऐतवारी ओट्यावर दुसरी खुर्ची टाकून बसायचे.”

ती खुर्ची ओट्यावरच होती. बसा, असं वहिनी म्हणाल्या नाहीत. मीही बसलो नाही.